सुंदर म्हणा, रिकामं म्हणू नका

दोन फोटो शेजारी ठेवा. पहिल्यात गडद, स्थिर पाणी आहे, दोन्ही बाजूंनी डोंगर थेट पाण्यात उतरलेत आणि मधोमध एक बोट आहे. दुसऱ्यातही हेच सगळं आहे. पहिल्यातल्या डोंगरमाथ्यावर बर्फ आहे आणि दुसऱ्यातल्या डोंगरावर साग, एवढाच फरक. पहिला फोटो न्यूझीलंडमधल्या मिल्फर्ड साउंडचा. दुसरा आपल्या खानदेशातला, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातला, सरदार सरोवराच्या फुगवट्याचा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्याआधी हे डोंगर आणि ही गावं धुळे जिल्ह्याच्या कागदांवर होती.

आता एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. ती जळगावची, तो धुळ्याचा, दोघंही नोकरीनिमित्त ऑकलंडला. सुट्टीत ती दोघं दक्षिण बेटावर जाऊन कॅम्परव्हॅन भाड्यानं घेतात. आत पलंग, गॅसची शेगडी, छोटं सिंक. ते आठवडाभर फिरतात आणि एका सकाळी मिल्फर्डला दोन तासांची बोट सफर करतात. पुढच्या वर्षी दिवाळीला घरी आल्यावर त्यांना वाटतं, आपल्याकडेही असंच काहीतरी करू. धुळ्याहून दोंडाईचा, शहादा करत सातपुड्याचा घाट चढून ती धडगावला पोचतात आणि काठावरून बोट घेतात. दोन्हीकडे दोघांच्या तोंडून एकच शब्द निघतो : ‘भारी!’

माझा प्रश्न या ‘भारी’बद्दल आहे. दोन्ही ठिकाणी तो सारखाच निरागस आहे का? आणि नसेल, तर नेमकं चुकतं कुठे?

बुडालेल्या दोन दऱ्या

भूगोलाच्या पुस्तकात आपण ‘फियॉर्ड’ शिकलो. हिमनदी हजारो वर्षं डोंगर कापत खाली सरकते, खोल आणि उभ्या कडांची दरी तयार होते, मग बर्फ वितळतो आणि त्या दरीत समुद्र शिरतो. मिल्फर्ड साउंड असाच बनलाय. थोडक्यात, फियॉर्ड म्हणजे बुडालेली दरी. ती बुडवण्याचा निर्णय कुणी घेतला नव्हता. कुणाला नोटीस गेली नव्हती, कुणी कोर्टात गेलं नव्हतं.

नर्मदेची दरीसुद्धा बुडालेली आहे, पण तिच्या बुडण्याला तारखा आहेत. नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा १९७९ चा. सर्वोच्च न्यायालयाचा बहुमताचा निकाल ऑक्टोबर २००० चा. त्यानंतर भिंत टप्प्याटप्प्यानं चढत गेली : २००४ मध्ये ११०.६४ मीटर, २००६ मध्ये १२१.९२ मीटर. जून २०१७ मध्ये दरवाजे बंद करायला परवानगी मिळाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. बुडीत क्षेत्रात तीन राज्यांची २४५ गावं धरली गेली : मध्य प्रदेशची १९३, महाराष्ट्राची ३३, गुजरातची १९. महाराष्ट्रातली ३३ गावं अक्कलकुवा आणि धडगाव (अक्राणी) या दोन तालुक्यांतली, भिल्ल आणि पावरा लोकांची. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण ही त्यांतली काही नावं.

म्हणजे एक दरी निसर्गानं बुडवली, दुसरी एका निर्णयानं. आणि डोळ्याला या दोन बुडण्यांमधला फरक दिसत नाही. पाणी पारदर्शक असतं असं आपण म्हणतो, पण शंभर फूट खाली काय आहे ते पाणी सांगत नाही. तिथे शेत होतं, घर होतं, की नुसता खडक होता, हे वरून कळायला मार्ग नाही. सौंदर्य चांगल्या बाजूनंही साक्ष देत नाही आणि वाईट बाजूनंही देत नाही.

त्यामुळे ‘बघा, किती सुंदर झालंय, म्हणजे धरण चांगलंच’ हा युक्तिवाद टिकत नाही. आणि ‘इथे माणसं उठवली गेली, म्हणून हे सुंदर वाटताच कामा नये’ हाही टिकत नाही. वाटणं आपल्या हातात नसतं. सांज होते, उन्हं डोंगराच्या कडेवर येतात, पाणी तांबूस होतं आणि वाटून जातं.

‘मग जाऊच नका’

यावर पहिलं उत्तर येतं ते बहिष्काराचं. जिथे लोकांची घरं बुडाली, तिथे पर्यटनाला जायचंच नाही. ऐकायला हे स्वच्छ वाटतं. मला ते पुरेसं प्रामाणिक वाटत नाही.

सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरलेला आहे. आपल्या प्लगमध्ये आलेली वीज नेमकी कुठून आली हे सांगता येत नाही, पण राज्याच्या हिशेबात नर्मदेची वीज आहे. म्हणजे जो माणूस जळगावात मे महिन्याच्या ४५ अंशांत पंखा लावून ‘मी तिकडे जाणार नाही’ असं ठरवतो, त्यानं त्या दरीतून काहीच घेतलं नाही असं म्हणता येत नाही. उलट बोटीतून नुसतं बघणारा त्या दरीचं फारसं काही नेत नाही. दहा जणांनी बघितलं म्हणून अकराव्याला दृश्य कमी पडत नाही. विजेचं तसं नाही, पाण्याचंही नाही.

आणि बहिष्कार घालायचाच तर कुठे कुठे घालणार? आपल्याकडे ज्याला आपण ‘लेक’ म्हणून तंबू ठोकायला जातो, तो बहुतेक वेळा धरणाचा जलाशय असतो. पवना, मुळशी, भंडारदरा. तापोळ्याची बोट जिथे चालते तो शिवसागर म्हणजे कोयना धरणाचं पाणी. जळगावकर हिवाळ्यात पक्षी बघायला हतनूरला जातात, तेही तापीवरचं धरणच. मुळशीत तर १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. धरण झालंच, वीज मुंबईला गेली. आज तिथे शनिवारी रात्री बार्बेक्यू चालतो आणि सकाळी धुक्याचे रील बनतात. त्या धुक्याचा शंभर वर्षांपूर्वीच्या शेताशी काही संबंध आहे हे कुणी सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडायला हवा. या धरणाचं पाणी सौराष्ट्र आणि कच्छपर्यंत गेलंय. पाण्यासाठी हंडे घेऊन मैलोन्‌मैल चालणं म्हणजे काय, हे धुळे जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. त्यामुळे नळाला आलेलं पाणी क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. धरण हवं होतं की नको, हा या लेखाचा विषय नाही. धरण झालंय, पाणी भरलंय, आणि त्या पाण्यावर आपण बोटीत बसलोय. आता आपलं काय?

ताजमहालासमोरचा बाक

एक नेहमी दिली जाणारी उपमा आहे : ‘हे म्हणजे स्मशानात सहल काढण्यासारखं आहे.’ पण ताजमहालाचा विचार करा. ती एक कबर आहे. त्यासमोरच्या बाकावर बसून लाखो जोडप्यांनी हसत हसत फोटो काढलेत. तिथे जाणाऱ्याला आपण पापी म्हणत नाही. का? कारण ती कबर आहे हे कुणी लपवत नाही. मृत्यू त्या जागेच्या गोष्टीतच आहे आणि बघणाऱ्याला तो माहीत असतो. आनंद आणि माहिती एकाच बाकावर बसू शकतात.

म्हणजे दुःखाच्या जागी आनंद वाटणं ही चूक नाही. चूक दुसरीकडे आहे. पर्यटनाची भाषा आठवा : अस्पर्श, अनाघ्रात, माणसाचा मागमूस नसलेलं, ‘इथे फक्त तू, मी आणि निसर्ग’. आपलं जोडपं जेव्हा धडगावच्या बोटीतून व्हिडिओ काढून खाली लिहितं की ‘इथे कुणीच नाही’, तेव्हा ते आपली भावना सांगत नसतं. ते एक विधान करत असतं आणि ते विधान खोटं असतं.

सुंदर म्हणणं ही भावना आहे. रिकामं म्हणणं हा दावा आहे. भावनेचा जाब कुणी मागू शकत नाही. दाव्याचा मागायलाच हवा.

रिकामं कसं होतं

या दाव्याला इतकं महत्त्व का? कारण ही दरी आधी कागदावर रिकामी झाली आणि मग प्रत्यक्षात. अक्राणीतली अनेक गावं बराच काळ वनगावं होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा सातबारा नाही, मोजणी नाही. आणि जमीन कागदावर नसेल तर तिची भरपाई कुणाला द्यायची? लवादाच्या निवाड्यात अटी चांगल्या होत्या : जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन, आणि बुडण्याच्या एक वर्ष आधी पुनर्वसन पूर्ण. पण ज्याचं नाव यादीत आहे त्यालाच अट लागू होते. म्हणून तिथल्या लोकांच्या लढ्याचा मोठा भाग साधा होता : आम्हाला मोजा. आम्ही इथे आहोत असं लिहा.

आणि अजूनही ते आहेत. काही कुटुंबं तळोदा तालुक्यात वसवली गेली. तिथल्या एका वसाहतीचं नाव रेवानगर आहे. रेवा म्हणजे नर्मदा. नदी सुटली तेव्हा त्यांनी तिचं नाव सोबत नेलं. पण बरेच लोक डोंगरावर वर सरकून तिथेच राहिले. त्यांचे पाडे आता पाण्यानं वेढलेल्या टेकड्यांवर आहेत. आपल्याला जी बोट सफर वाटते तोच त्यांचा बाजाराचा, दवाखान्याचा, रेशनचा रस्ता आहे. २०२० साली, टाळेबंदीच्या काळात, चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेची बातमी देशभर गेली होती. गरोदर बाया आणि बाळं पाण्यापलीकडच्या पाड्यांतून येऊ शकत नव्हती, म्हणून ती स्वतः होडी वल्हवत त्यांच्याकडे जात होती. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीला नर्मदेच्या पूजेसाठी निघालेल्या लोकांची बोट धडगाव तालुक्यातल्या भुषा गावाजवळ उलटली. माणसं बुडाली. आपण ज्या पाण्याला ‘शांत’ म्हणतो, ते हेच.

विजेचंही तसंच. बिलगावच्या लोकांनी केरळहून आलेल्या तंत्रज्ञांच्या मदतीनं २००३ साली स्वतःच्या धबधब्यावर १५ किलोवॉटचा छोटा वीजप्रकल्प उभा केला होता. घरोघरी दिवे लागले. २००६ साली तो प्रकल्प पाण्यात गेला. एवढ्या मोठ्या जलविद्युत प्रकल्पाच्या काठावरचे पाडे वर्षानुवर्षं अंधारात राहिले. दिव्याखाली अंधार, ही म्हण इथे उपमा म्हणून वापरायची गरजच पडत नाही.

आता बोटीतून लिहिलेलं ‘इथे कुणीच नाही’ या सगळ्याच्या शेजारी ठेवून बघा. जे काम आधी अपुऱ्या कागदांनी केलं, तेच ते एक ओळ पुढे नेतं. लिहिणाऱ्याचा तसा हेतू नसतो, हे खरं. पण ज्या माणसाचं सगळं भांडण ‘मी आहे’ एवढंच आहे, त्याच्यासमोर ‘कुणी नाही’ हे वाक्य निरुपद्रवी राहत नाही.

फियॉर्डसुद्धा रिकामा नव्हता

मग मिल्फर्डला तरी हे वाक्य चालेल का? तिथे तर दरी निसर्गानं बुडवली.

मिल्फर्डचं माओरी नाव पिओपिओताही. पिओपिओ हा एक पक्षी होता, तो आता नामशेष झालाय. युरोपियन जहाजं यायच्या कितीतरी आधी माओरी लोक डोंगर ओलांडून या भागात यायचे, हिरव्या मौल्यवान दगडासाठी. ‘अस्पर्श’ म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या काठांवर माणसांच्या वाटा होत्या. आणि आपली कॅम्परव्हॅन ज्या बोगद्यातून मिल्फर्डला उतरते तो होमर बोगदा १९३५ साली सुरू झाला, महामंदीच्या काळात बेरोजगारांच्या हातून. खुला झाला १९५४ साली. हिमस्खलनात त्या कामावरची माणसं मेली.

कॅम्परव्हॅनची यात एक गंमत आहे. तिथे अशा गाडीला ‘सेल्फ-कंटेन्ड’ असल्याचा दाखला लागतो : सांडपाणी गाडीच्याच टाकीत साठवायचं आणि नेमलेल्या जागी रिकामं करायचं. नियम उत्तम आहे. महाराष्ट्रानंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, तेव्हा आपल्याकडेही असे नियम रुजावेत. पण त्या गाडीत आठवडाभर राहिलं की एक भावना तयार होते : आपला पलंग आपला, आपली शेगडी आपली, आपली घाण आपल्या टाकीत, आपण कुणाचं काही लागत नाही. हे पटकन पटतं, कारण टाकी खरंच आपली असते. मात्र ज्या रस्त्यानं आपण आलो तो कुणाच्या हातचा, ज्या पाण्यावर तरंगतोय ते कुणाच्या शेतावर, हा हिशेब कुठल्याच टाकीत मावत नाही.

सौंदर्याची ताकद, आणि तिची मर्यादा

इथे माझ्या म्हणण्याला एक अवघड उदाहरण आडवं येतं, आणि ते मिल्फर्डपासून फार लांबचं नाही. मानापौरी नावाचं एक तळं. ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज पुरवायची म्हणून या तळ्याची पातळी तीस मीटरपर्यंत वाढवायची योजना होती. काठावरची जंगलं आणि बेटं बुडाली असती. लोक चिडले. १९७० साली २,६४,९०७ जणांनी सह्या केलेली याचिका संसदेत गेली. तेव्हाच्या न्यूझीलंडच्या लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के. १९७२ च्या निवडणुकीत हा मोठा मुद्दा झाला, सरकार बदललं, आणि तळं आपल्या नैसर्गिक पातळीवर राहिलं. वीजकेंद्र झालं, पण जमिनीखाली, पातळी न वाढवता. आज तिथून पुढच्या डाउटफुल साउंडला जाणारे पर्यटक हेच तळं बोटीनं पार करतात.

म्हणजे सौंदर्य इतकं काही मुकं नाही. बघणाऱ्यांचं प्रेम एखादी दरी वाचवू शकतं. हे उदाहरण मला आवडतं आणि अस्वस्थही करतं. कारण तिथे बुडणारी कुणाची घरं नव्हती. एक देश सुंदर तळ्यासाठी उभा राहिला. आपल्याकडे माणसं घरांसाठी, शेतांसाठी, देवांसाठी वर्षानुवर्षं उभी राहिली, चढत्या पाण्यातसुद्धा उभी राहिली, आणि दरी गेली. यातून ‘ते चांगले, आपण वाईट’ असा निष्कर्ष काढायचं कारण नाही. तिथे त्या तळ्यावर प्रेम करणारे मतदार देशभर होते. इथे ३३ गावांवर प्रेम करणारे बहुतेक करून त्या ३३ गावांतच होते. जळगाव-धुळ्याच्या शहरांतून किती जणांनी धडगावचा तो काठ तेव्हा पाहिला होता?

म्हणून मी ‘जाऊ नका’ म्हणत नाही. जा. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हे डोंगर जवळूनही साजरे आहेत, आणि जवळ गेल्यावर त्यांच्यावर राहणारी माणसं दिसतात. बघितलेल्या गोष्टीवर माणूस प्रेम करतो आणि प्रेम असलेल्या गोष्टीसाठी कधीतरी सही करतो. पण ज्याला दरी रिकामी दिसली, तो रिकाम्या दरीसाठीच सही करेल. उद्या तिथे मोठं रिसॉर्ट आलं आणि काठावरच्या पाड्यांमुळे ‘व्ह्यू खराब होतोय’ असं कुणी म्हणालं, तर तो कुणाच्या बाजूनं असेल?

नुसतं माहीत असून काय होतं?

शेवटचा आक्षेप सगळ्यात खरा आहे. समजा, मला सगळं माहीत झालं. नावं पाठ झाली, तारखा पाठ झाल्या. त्यानं कुणाची जमीन परत येते का?

नाही येत. माहिती ही मदत नाही, आणि ती मदत असल्याचं समाधान तर अजिबात मानू नये. रील खाली चार ओळींची हळहळ लिहून मोकळं होणं हा रिकामेपणाचाच दुसरा प्रकार आहे : आधी माणसं नव्हती, आता माणसं आहेत पण फक्त आपल्या हळहळीपुरती.

तरी माहितीला एक काम आहे. पुनर्वसन हे चालू खातं असतं. कुणाला जमीन मिळाली पण नापीक, कुणाचा मुलगा सज्ञान असून यादीत नाही, कुठल्या पाड्याला बोट आहे पण डॉक्टर नाही. हे प्रश्न तोपर्यंतच प्रश्न राहतात, जोपर्यंत बाहेरच्या कुणालातरी ते गाव आहे हे ठाऊक असतं. ‘तिथे कुणी नाही’ या वाक्यानं खातं बंद होतं. ‘तिथे डोमखेडी आहे’ या वाक्यानं ते उघडं राहतं. ही फार मोठी गोष्ट नाही, किमान गोष्ट आहे.

तेव्हा बोट घ्याल तेव्हा काठावरच्याच माणसाची घ्या आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. रेशनची पोती चढत असतील तर थांबा, तुमची घाई मोठी नाही. पोरांचे फोटो त्यांच्या आईला विचारून काढा. आणि बोट मध्यावर आली की एकदा विचारा : ‘दादा, या खाली कुठलं गाव आहे?’ तो सांगेल. फोटो टाकताना ते नाव लिहा, आणि त्यापुढे हवं तर ‘भारी’ही लिहा. गावाच्या नावाशेजारी तो शब्द खोटा वाटत नाही.